विषय क्रमांक चार

पेठ रोडच्या महिला निवाऱ्यात दर तिमाहीला सभा होते.
चौदा वर्षं तिचं इतिवृत्त मी लिहिते.
खरं सांगायचं तर
आदल्या रात्रीच लिहून ठेवते, घरी, कुकरच्या शिट्ट्या मोजत:
विषय क्रमांक चार. लाभार्थींच्या सूचना.
लाभार्थींनी समाधान व्यक्त केले.
सभेत फक्त चहाचे कप मोजायचे
आणि तारीख टाकायची.

या वेळी वरून पत्र आलं,
लाभार्थींना प्रत्यक्ष बसवा.
खुर्च्या कमी पडल्या. शिपाई सतरंजी आणायला निघाला
तर कौसल्या निरभवणे म्हणाली,
"सतरंजी टाकायची तर सगळ्यांनाच टाका."
साहेबांनी गुडघ्यांचं कारण सांगितलं.
"गुडघे मलाही आहेत."
शेवटी शेजारच्या बालवाडीतून बाकडी आली,
बुटकी, अ आ इ रंगवलेली,
आणि अध्यक्षांसकट सगळ्यांचे गुडघे हनुवटीशी आले.

साहेब म्हणाले, बोला, मोकळेपणानं बोला.
पंखा तेवढा बोलत होता.
बाहेर मेथीचा टेम्पो हॉर्न देत मार्केट यार्डाकडे गेला.

मग कौसल्या माझ्या वहीकडे बघून म्हणाली,
"बाई, मला वाचता येत नाही.
आत्तापर्यंत काय लिहिलंय ते वाचा."
मी वाचलं. काय करणार, तेवढंच लिहिलेलं होतं.
"समाधान व्यक्त केले?"
ती भोवती बघू लागली, बाजारात पोर हरवल्यासारखी.
"कुणी केलं गं? सकरे, तू केलंस?"
सकरी बेंडकोळी तोंडाला पदर लावून हसली.
"निलोफर, तू?"
"मी झोपले असेन तेव्हा."
मी ओळ खोडली. इतक्या जोरात
की खोडलेलं पुढच्या पानावरही उमटलं.

नंतर जे आलं ते एकदम नाही आलं.
आधी डाळ. मग ढेकूण. मग पुन्हा डाळ.
मग सकरी, जी दोन वर्षांत माझ्याशी
दोन वाक्यं बोलली नव्हती:
"न्हाणीला कडी पाहिजे. आतून."

न्हाणी कुंभमेळ्यात उरलेल्या पत्र्यांची.
कडी आहे तिला. बाहेरून.
आत कोणी जिवाचं बरंवाईट करून घेऊ नये म्हणून,
तसं परिपत्रकच आहे, टायपिंग माझं.
"अंघोळीला बसले की मी गाणं म्हणते," सकरी म्हणाली,
"हौस नाही. आत बाई आहे हे कळावं म्हणून.
थंडीत गळा धरतो,
तेव्हा नुसतं तांब्यावर वाजवत राहते."

साहेबांनी विचारलं, अंदाजे खर्च?
"पंचेचाळीस रुपये," निलोफर म्हणाली,
"भद्रकालीत. स्क्रूसकट."

शनिवारी सुतार आला.
त्यानं स्वतःच्या खांद्याचं माप धरलं
तर कौसल्यानं त्याला थांबवून
चाकाच्या खुर्चीतल्या अनसूया गांगुर्डेला बोलावलं.
अनसूयानं हात पुढे केला.
जिथे पोचला तिथे खूण झाली.
पेन्सिल माझी होती.

सगळंच झालं असं नाही.
निलोफरची पॅकिंग शेड दहाला सुटते,
आमचं दार नऊला लागतं,
तिकडे द्राक्षं परदेशी जातात
आणि ती तासभर पायरीवर बसते.
तो विषय वरच्या कार्यालयात आहे.
हंगाम संपायच्या आत उत्तर येईल
असं मी तिला म्हणाले नाही.
डाळ तीच आहे.

आता वही कोरी नेते.
हात दुखतो, कारण कौसल्या हळू बोलत नाही
आणि शेवटी सगळं वाचून दाखवावं लागतं,
चुकलं तर ती "अंहं" म्हणते, शाळा तपासनिसासारखी.

परवा सकाळी न्हाणीवरून जात होते.
दार लागलेलं.
आत पाण्याचा आवाज होता.
नुसत्या पाण्याचा.